खटक्यासकट डबा

मदरबोर्ड मिळतो. प्रोसेसर मिळतो, रॅमही मिळते. कुणाच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या लग्नातल्या साडीच्या घडीत. लहान वस्तू लोक जपून ठेवतात, त्यांना वाटतं यात सोनं आहे. डबा मात्र कुणी जपत नाही. जुन्या कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा, ज्याला आपल्याकडे सगळे कॅबिनेट म्हणतात, आणि त्याच्या पोटात बसून सगळ्यांना वीज वाढणारा चौकोनी ठोकळा, म्हणजे एसएमपीएस, हे दोघं घरातून सगळ्यात आधी बाहेर जातात. कॅबिनेट जागा अडवतं आणि एसएमपीएस एखाद्या उन्हाळ्यात जळतो. मग माझ्यासारखी माणसं मेंदू हातात घेऊन धड शोधत गावोगाव फिरतात.

मी बोरगाव मेघेत राहते. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि सुट्टीच्या दिवशी मेलेले कॉम्प्युटर उठवते. आमचे हे विजेच्या खात्यात आहेत. ह्यांचं म्हणणं, लोकांच्या बायका सोनं जमवतात, माझी भंगार जमवते. म्हणू देत. मीही उलट त्यांना भंगारवाल्याचा जावई म्हणायचे. हौसेला मोल नसतं, आणि मीटर हातात घेऊन माझ्या शेजारी तासन्‌तास कोण बसतं, तेही मला माहीत आहे.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि बाईंचा फोन आला. बाई म्हणजे आमच्या भागात मुलींसाठी पहिला कॉम्प्युटर क्लास काढणाऱ्या बाई. विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराची पुढची खोली, खिडकीला जाड हिरवा पडदा, आणि टेबलावर एकच कॉम्प्युटर. बारावीनंतर मी तिथे शिकायला गेले. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, हात धुऊन कोरडे करायचे, मगच आत. देवळापेक्षा जास्त सोवळं!

त्या काळी विजेचा काही भरवसा नव्हता. कधी इतकी कमी की ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावायची, कधी इतकी जास्त की बल्ब उडायचा. म्हणून बाईंनी एक शिस्त बसवली होती. एका मुलीनं भिंतीवरच्या बोर्डाजवळ, मेन बटनावर हात ठेवून उभं राहायचं. बाई कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि म्हणायच्या, "दे." मुलीनं बटन लावायचं, स्टॅबिलायझरचा काटा जागेवर येईस्तोवर बघायचं आणि सांगायचं, "आला." मग बाई कॅबिनेटचा मोठा खटका आत दाबायच्या. खट्ट! तो आवाज झाला की आमचे श्वास अडायचे. पंखा घरघरायचा, पडद्यावर आकडे पळायचे. सगळं सुरळीत चालू होईपर्यंत मुलीनं बोर्डावरचा हात काढायचा नाही. कुठे वास आला, धूर दिसला, की तात्काळ बंद करायचं. ही बोर्डावाली बहुतेक दिवस मीच असायचे, कारण मी उंच होते. खटका मात्र बाईंनी कुणालाच दाबू दिला नाही. त्या कॉम्प्युटरसाठी त्यांनी घरच्यांशी केवढं भांडण केलं होतं, ते गल्लीला माहीत होतं.

तर फोनवर बाई म्हणाल्या, "घर खाली करून राह्यली मी. दिवाळी झाली का पोराकडे पुन्याले चालली, कायमची. तुयासाठी एक वस्तू हाय, घिऊन जाजो."

मी स्कूटी काढली आणि उडतच गेले. बाईंनी जुन्या सुती साडीत गुंडाळलेली वस्तू माझ्या मांडीवर ठेवली. उघडलं तर क्लासच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड! तोच. कोपऱ्यात बाईंनी लाल नेलपॉलिशनं केलेली खूण अजून होती. मला तर ओरडावंसं वाटलं. ओरडलेच बहुतेक.

"कॅबिनेट कुठे हाय बाई?"

"ते गेलं कधीचंच. गंजलं होतं. ह्याच्यात माया जीव होता म्हनून ह्याले ठेवलं." मग त्या लाल खुणेवर त्यांनी बोट ठेवलं. "तो खटक्याचा आवाज एकदा आयकाचा होता मले. जायच्या आंधी चालू झाला तं तुयाकडे ठेव. नाई झाला तं तूच भंगारात दे. माया हातानं मले होत नाई, अन्‌ पोराच्या फ्लॅटात जागा नाई."

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. दिवाळीपर्यंत डबा, सप्लाय म्हणजे तो एसएमपीएस, आणि खटका.

माहीतगार लोक म्हणतील, एवढं कशाला? नव्या सप्लायला जुना बोर्ड जोडायची वायर हल्ली घरपोच मिळते. मिळते की. माझ्याकडे दोन पडल्या आहेत. पण नव्या डब्यांचं बटन मऊ असतं, दाबलं तरी कळत नाही. जुन्या काळच्या डब्याला समोर खराखुरा विजेचा खटका असायचा. एसएमपीएसमधून चार जाड वायरी पुढे यायच्या आणि घराच्या बोर्डावर असते तीच वीज त्या खटक्यातून जायची. म्हणून तो दणकट, म्हणून तो खट्ट. बाईंना तोच ऐकायचा होता आणि मला तोच ऐकवायचा होता. मी हट्टी आहे, हे आमच्या घरात नव्यानं सांगायची गरज नाही.

आधी बोर्ड साफ केला. त्यावरची बॅटरी पाझरून हिरवी झाली होती, ती काढली आणि तिथे कापसानं व्हिनेगर फिरवलं. मग वर्ध्यातली भंगाराची दुकानं पालथी घातली. एकानं एसएमपीएस दिला, जुना, बरोबर त्याच जातीचा, पण आतून कोळसा झालेला. तरी मी तो नाचवत घरी आणला.

"हा तं मेला हाय," हे म्हणाले.

"मेला असू द्या, त्याच्या वायरीची टोकं तं पाहा!" मदरबोर्डात घुसणारी दोन पांढरी टोकं शाबूत होती. या दोन टोकांचीच सगळी मेख आहे. दोन्ही दिसायला सारखी, शेजारी शेजारी बसतात, आणि अदलाबदल झाली की बोर्ड जागच्या जागी खलास. बाईंनी तेव्हाच आम्हाला घोकून घेतलं होतं, "काळ्याजवळ काळा." म्हणजे दोन्ही टोकांच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींजवळ आल्या पाहिजेत. पाढे विसरले असेन मी, हे नाही विसरले.

कॅबिनेट मात्र मिळेना. एका ठिकाणी दिसलं, तर त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. दुसऱ्या ठिकाणचं नुसतं पुढचं तोंड होतं, धड गायब. दिवस सरत होते आणि बाई दर रविवारी फोन करून एवढंच विचारायच्या, "लागला काय पत्ता?" मला लाज वाटायची.

अशात ह्यांच्या नात्यात अल्लीपूरला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. मी जायला तयार नव्हते. हे म्हणाले, जेवायला तरी चल. जेवण झालं आणि ह्यांचे दूरचे मामा शेत दाखवायला घेऊन गेले. कापूस फुटायला लागला होता. विहिरीजवळ मोटारीची खोली, आणि त्या खोलीच्या भिंतीवर, माझ्या डोळ्यासमोर, खिळ्यांनी ठोकलेलं आडवं कॅबिनेट!

मी पदर खोचला आणि धावलेच. पिवळं पडलेलं, पण अख्खं. समोर आकडे दाखवायची छोटी खिडकी, चावीचं भोक, आणि उजवीकडे तो मोठा चौकोनी खटका.

"मामाजी, हे काय होय?"

"बोर्डाचा डब्बा होय," मामाजी अभिमानानं म्हणाले. "शाळेनं फेकला होता, म्या आनला. आत फ्यूज हाय मोटारीचे. पानी शिरत नाई, उंदीर शिरत नाई, अन्‌ चावी हाय त्याले!"

"अन्‌ हे बटन?"

"हे? हे लाइटचं." त्यांनी अंगठ्यानं दाबलं.

खट्ट! खोलीतला बल्ब लागला.

मी टाळ्या वाजवल्या. "पुन्हा दाबा, मामाजी!" त्यांनी दाबलं. "पुन्हा!" पुन्हा दाबलं. बल्ब लागत होता, विझत होता, आणि मागे आलेले पाहुणे माझ्याकडे बघत होते. ह्यांनी हळूच दुसरीकडे तोंड केलं. पण मला काय! सगळीकडचे खटके धूळ खाऊन, गंज खाऊन मेले होते, आणि हा एकटा जिवंत होता, कारण मामाजी त्याला रोज संध्याकाळी दाबत होते.

मी सगळी हकिगत सांगितली. बाई, बोर्ड, पुणे. मामाजींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डब्बा ने. त्याच्या बदल्यात दुसरा आन, कुलूपवाला. पन खटका मी देत नाई."

"काऊन?"

"लय आवाज करते तो. अंधारात हात घातला तरी समजते, लागला का नाई. आजकालचे बटनं मुके असतात. साप निघते इथं, बाई."

आता आली का पंचाईत! ज्या आवाजासाठी मला तो हवा होता, त्याच आवाजासाठी त्यांनाही हवा होता. त्यांचं काय चुकलं? परतीच्या वाटेवर मी चिडचिड केली, ह्यांच्यावर, कारण दुसरं कुणी गाडीवर नव्हतं. घरी आल्यावर हे स्टुलावर चढले, माळ्यावरून सासऱ्यांची हत्यारांची पेटी काढली आणि तळातून एक काळा, गोल, जुना खटका काढून माझ्या हातात ठेवला. सासरेही विजेचंच काम करायचे. ते गेल्यापासून त्या पेटीला ह्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"दाबून पाय," म्हणाले.

टक्क! भिंतीपलीकडच्या शेजारणीनं विचारावं, काय पडलं गं, असा आवाज.

"अहो, पण हा तर बाबांचा..."

"पेटीत पडून काय करते तो? बाबा असते तं त्यायनंच देल्ला असता."

त्या क्षणी मला हे इतके आवडले, इतके आवडले, की मी त्यांना भंगारवाल्याचा जावई म्हणायचं कायमचं सोडून दिलं. पुढच्या सुट्टीला आम्ही कुलूपवाला नवा पत्र्याचा डबा आणि तो काळा खटका घेऊन अल्लीपूर गाठलं. ह्यांनी मोटारीच्या खोलीत सगळं बसवून दिलं. मामाजींनी परीक्षा घेतली. डोळे मिटले, चाचपत हात नेला, दाबला. टक्क. पुन्हा दाबला. टक्क. डोळे उघडून म्हणाले, "हा तं त्याच्याहून जोरात बोलते!" आणि स्वतःच्या हातानं जुना डबा खाली उतरवून दिला, खटक्यासकट. आत पालीची अंडी आणि कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं. मी तो मांडीवर घेऊन घरापर्यंत आले, एखादं बाळ आणावं तसा.

राहिला जिवंत सप्लाय. तो हिंगणीला सापडला, धुमाल पार्टीच्या सामानात. धुमाल म्हणजे आमच्याकडे वरातीत वाजतो तो ढोलताशांचा आणि कर्ण्यांचा दणका. तिथल्या साउंडवाल्यानं गाडीतला अँप्लिफायर घरच्या विजेवर चालवायला जुना एसएमपीएस लावला होता. अशी युक्ती आपल्याकडे गावोगाव आहे. शाळेतल्या एका शिक्षकांनी मला सांगितलं आणि मी तडक हिंगणी गाठली.

"चालते का हो?"

"चालते मॅडम, मस्त चालते! पन त्याचे डोके म्या कापून टाकले. मले फक्त पिवळा अन्‌ काळा लागते. बाकीचे सब एकत्र बांधून देल्ले."

म्हणजे माझ्या घरी टोकं होती, जीव नव्हता. याच्याकडे जीव होता, टोकं नव्हती. मी खदखदून हसायला लागले. त्याला वाटलं मॅडम रागावल्या, तर तो म्हणाला, "सॉरी, मले मालूम नव्हतं." त्या बदल्यात मी त्याला सोबत नेलेला जास्त ताकदीचा नवा एसएमपीएस दिला. त्यानं तिथल्या तिथे जोडून एक गाणं लावलं आणि समोरच्या घरातली म्हातारीनं दार लावून घ्यावं इतका आवाज झाला. तो खूश, मी खूश.

मेलेल्याची टोकं कापली, जिवंताच्या वायरींना एकेक करून सोल्डरनं डाख दिला. लाल ती लाल, पिवळी ती पिवळी. खटक्याच्या चार जाड वायरी ह्यांनी घेतल्या. म्हणाले, "तिथं घरची लाइट हाय, तू हात नको लावू." मग बोर्ड बाजूला ठेवून, एका जुन्या हार्ड डिस्कला जोडून नुसता सप्लाय चालवून पाहिला. ह्यांनी मीटर धरला. लाल पाच व्होल्ट, पिवळी बारा, बरोब्बर. मी ह्यांच्या खांद्यावर अशी थाप मारली की मीटर खाली पडला.

प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, जुना मॉनिटर माझ्याच साठ्यातले जोडून ठेवले, पण बोर्ड मी चालवून पाहिला नाही. हात शिवशिवत होते, तरी नाही. पहिला खट्ट बाईंसमोरच व्हायचा होता. जळायचाच असेल तर तेही त्यांच्यासमोर. लपूनछपून जाळून मग काही घडलंच नाही असा चेहरा करून त्यांच्यापुढे उभं राहणं मला जमलं नसतं.

दिवाळी झाली. बाईंची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. सकाळी हे त्यांना घेऊन आले. बाई वाकल्या होत्या, काठी होती हातात, पण दारात थांबून त्यांनी चपला काढल्या, पाय पुसले आणि विचारलं, "हात कुठं धुवाचे?" मी बघतच राहिले. मग मीही जाऊन हात धुतले. ह्यांनीही धुतले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

बाईंनी डब्यावरून हात फिरवला. झाकण काढायला लावलं, वाकून आत पाहिलं, दोन्ही टोकांच्या काळ्या वायरींवर बोट ठेवलं. "काळ्याजवळ काळा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मी खुर्ची ओढून दिली. "बसा बाई. दाबा."

"नाई. तू दाब. माया हात कापते आता." आणि त्या उठून भिंतीकडे गेल्या, प्लग लावला होता त्या बोर्डाकडे. काठी टेकवून ठेवली आणि बटनावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काटा कुठं हाय?"

"आता स्टॅबिलायझर लागत नाही, बाई."

"मले लागते."

ह्यांनी निमूटपणे आपला मीटर त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटात लावला आणि त्यांच्या डोळ्यासमोर धरला.

मी खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांनी त्या कॉम्प्युटरपुढे मी आणि बोर्डाजवळ बाई. माझ्या छातीत धुमाल वाजत होता. मी अंगठा ठेवला आणि दाबला.

खट्ट.

आणि काहीच नाही. पंखा नाही, आकडे नाहीत. गेला. बाईंनी इतकी वर्षं साडीत जपलेला बोर्ड मी एका खटक्यात मारला. आता त्यांच्या मागे मलाच तो भंगारात नेऊन द्यायचा होता. डोळ्यांत पाणी आलं. ह्यांच्याकडे पाहिलं, तर ते मीटरकडे बघत होते आणि त्यांच्या ओठांवर हसू होतं. मला संतापच आला.

"अवं," मागून बाईंचा आवाज आला, क्लासमधला, तसाच कोरडा. "'दे' कोन म्हनीन?"

मी मागे वळले. बोर्डाचं बटन बंद होतं. बाईंचा हात त्यावर तयार होता. त्या वाट बघत होत्या.

"पयले खटका बाहीर काढ," त्या म्हणाल्या. मी काढला. डोळे पुसले. हसू येत होतं आणि रडूही.

"दे," मी म्हणाले.

बाईंनी बटन लावलं. मीटरचे आकडे स्थिर होईपर्यंत बघितलं. "आला."

खट्ट. पंखा घरघरला. पडदा उजळला आणि डाव्या कोपऱ्यात आकडे पळायला लागले. मग एकच बारीक शीळ, ओळखीची. मी खुर्चीवरून उडालेच. "बाई! बाई, या न! पाहा, चालू झाला!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांची नजर पडद्यावर नव्हतीच, डब्यावर होती. बोटं बटनावर तशीच.

"पुरा येऊ दे," त्या म्हणाल्या. "मंग हात काढतो."

कोपऱ्यात कर्सर लुकलुकायला लागला. तेव्हा कुठे त्यांनी हात काढला आणि पदरानं चेहरा पुसला.

"ठेव आता तुयाकडे," म्हणाल्या. "कोनाले शिकवशीन तं बोर्डाजवळ मानूस उभा ठेवजो."

मी हो म्हणाले. रडत होते, त्यामुळे आवाज नीट निघाला नाही. पण बाईंना ऐकू गेलं.